सावलीची बाजू

अमेरिकेहून परत आल्यापासून लातुरात मला तीनच प्रश्न विचारले जातात. थंडी किती होती, मुलीचं घर केवढं आहे आणि विमानात भीती वाटली का. पहिल्या दोनांची उत्तरं मी देतो. तिसऱ्यावर मी विचारणाऱ्यालाच उलट विचारतो, की बाबा रे, उद्या तुझ्यावर जायची वेळ आली तर तू खिडकी कुठल्या बाजूची मागशील? विमानाला बाजू असतात हा विचारच त्याने केलेला नसतो. हे लिखाण त्या माणसासाठी आहे.

लातूर

मी जन्मभर भूगोल शिकवला, आणि तोही लातुरात. ज्यांना लातूर माहीत नाही त्यांना या वाक्यातली गंमत कळायची नाही. आमच्या गावात फिजिक्सला रांगा लागतात. केमिस्ट्रीच्या सरांचा फोटो चौकात नेत्यांच्या वर असतो. बायोलॉजीसाठी कोल्हापूर-नाशिकची मुलं येऊन इथल्या होस्टेलात राहतात आणि मेसचं पातळ वरण पिऊन डॉक्टर होतात. भूगोलाला शिकवणी नव्हती. एकदा एक पालक मला भेटायला आले, तेव्हा मी हरखून खुर्ची पुढे केली. ते म्हणाले, "सर, एक विनंती हाय. पोराला भूगोल जरा कमी शिकवा. घरी येऊन नद्याच सांगत बसतंय."

शिकवणीच्या हॉलना खिडक्या नसत. जुन्या इमारतीत असल्या तर त्यांवर आतून निळा कागद चिकटवलेला असे, मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून. माझा विषय सगळा बाहेर होता. आमची मीनलही अशाच एका हॉलमध्ये शिकली आणि तिथून थेट शिकागोला गेली, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही.

तिने आम्हा दोघांना बोलावलं, तेव्हा मी कपाटावरून पृथ्वीगोल काढला, पुसला आणि शिवणाचा दोरा घेऊन बसलो. हैदराबादहून आखात, आखातातून शिकागो. दुसरा दोरा ताणून धरला की तो ग्रीनलंडला चाटून जातो. ग्रीनलंड हे जगातलं सर्वांत मोठं बेट आहे, हे वाक्य मी इतक्या वर्गांना लिहून दिलं आहे, की कधीकधी ते मीच रचलं असावं असं वाटायचं. पाहिलं मात्र नव्हतं. त्या प्रवासात बेट उत्तरेला राहणार, म्हणून उजवी खिडकी, हे मी दोऱ्यावर बोट फिरवून ठरवलं. ते बरोबर ठरलं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी फारशी अब्रू राहणार नाही.

सुमन, म्हणजे माझी बायको, नकाशाकडे कधी बघत नाही. त्या दिवशी ती हात पुसत आली आणि पहिल्या दोऱ्यावर, हैदराबादच्या जरा पुढे, बोट ठेवून म्हणाली, "हे आपल्या गावावरून जातंय का?"

आपलं गाव म्हणजे तिचं माहेर, औसा तालुक्यातलं, तेरणेच्या काठचं. ते भूकंपात गेलं. आमच्याकडे गाव गेलं असंच म्हणतात, माणूस गेला म्हणतात तसं. नंतर सरकारने जुन्या गावापासून बऱ्याच अंतरावर नवं गाव बांधून दिलं. सरळ रांगा, रांगेत घरं, घरांवर आकडे. जुनी जागा तशीच राहिली. आमच्याकडे शेताची जमीन काळी आणि गाव जिच्यावर बसलेलं असतं ती जमीन पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मातीच्या भिंतींनी ती तशी होते. म्हणून गावाच्या जागेला पांढर म्हणतात.

सुमनचे आईवडील त्या पहाटे त्या पांढरीवर गेले. दोघांनाही तिथेच अग्नी दिला, शेजारपाजाऱ्यांबरोबर, पडलेल्या घरांच्या तुळया रचून. तिचा धाकटा भाऊ दत्ता शेतात झोपायला गेला होता म्हणून वाचला. आम्ही लातुरातून निघून दुपारी गावाच्या शिवेपर्यंत पोचलो. सुमन शिवेवर उभी राहिली आणि तिथूनच मागे फिरली. त्यानंतर नव्या गावाला ती राखीला गेली, लग्नाकार्याला गेली, पण तिथून जुन्या गावाकडे एकदाही गेली नाही. दत्ताने सुरुवातीला एकदोनदा विचारलं आणि मग विचारायचं सोडलं. मी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "तिथं पाय कुठं ठेवायचा? खाली कोण हाय ते मला ठावं हाय."

आता ती पृथ्वीगोलावर बोट तसंच ठेवून म्हणाली, "वरून पाय पडत न्हाई. वरून बघायचंय मला. एकदा."

मी दत्ताला फोन लावला. विमानं दिसतात का तिकडे? तो म्हणाला, "दिसतेत की. रोज सकाळी एक जातंय मावळतीकडं. म्हसोबाच्या माळावरून." म्हसोबाचा माळ गावाच्या उत्तरेला आहे. म्हणजे विमान पश्चिमेला चाललेलं आणि गाव त्याच्या दक्षिणेला. याहून सोपं गणित मी पाचवीलाही घातलं नसतं. ग्रीनलंड माझं आणि गाव तिचं अशी आम्ही वाटणी केली. दोन्हींपैकी कुठलं चुकलं तर चालणार नाही, याबद्दल आमच्यात चर्चा झाली नाही. ग्रीनलंड परत कधीही बघता आलं असतं. सुमन वरून एकदाच बघणार होती आणि तेवढं जमलं नाही तर ती पुन्हा मागणार नाही, हे मला लग्नापासूनच्या अनुभवाने माहीत होतं.

नांदेड

तिकिटं काढणारा एजंट नांदेडचा होता. माझा चुलतभाऊ तिथे रेल्वेच्या ऑफिसात आहे, त्याच्या ओळखीचा. फोनवर काम झालं असतं, पण जागा कुठली घ्यायची हे समोर बसूनच सांगायला हवं, असं मी ठरवलं.

सकाळच्या एसटीने निघालो. आमच्या भागात बसमध्ये चढलेला माणूस आधी सूर्याकडे बघतो आणि मग कंडक्टरकडे. इथे खिडकी कुणी बाहेर बघायला मागत नाही. सकाळी लातूरहून नांदेडला जाताना ऊन उजवीकडून येतं, म्हणून डावीकडच्या जागा आधी भरतात आणि उजवीकडे नवखे किंवा पाहुणे बसतात. चैत्र लागायचा होता, पण ऊन आधीच आलं होतं. सुमनने डावीकडची खिडकी धरली, पदर डोक्यावर घेतला आणि अहमदपूरपर्यंत झोप काढली.

एजंटचं दुकान गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावर होतं. मी पिशवीतून पृथ्वीगोल काढून टेबलावर ठेवला तेव्हा त्याने चहा सांगितला, बहुधा स्वतःसाठी.

"सर लातूरचे न्हवं?" तो म्हणाला. "मग पुढली देऊन टाकतो. लातूरची लोकं पुढलीच मागून राहिली."

"पुढची नको. पंखाच्या मागची पाहिजे. पंख आड येता कामा नये."

"मागं लई हलतंय, सर."

"हलू द्या."

"आन् वरून दिसतंय काय? ढगच असतेत."

"माझं गाव हाय खाली," सुमन म्हणाली.

एजंटने तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची कॉम्प्युटरकडे ओढून घेतली आणि विचारलं, "कोणत्या बाजूला देऊ, मावशी?"

उत्तर मी द्यायचं होतं. मी डोळे मिटले, वर्गात उभा राहायचो तसा मनाने उभा राहिलो, विमान पश्चिमेला सोडलं, गाव दक्षिणेला ठेवलं आणि ठामपणे म्हणालो, "उजव्या." सुमनने फक्त एकच विचारलं, सकाळी ऊन कुठून येईल. तो हिशोब एजंटने पृथ्वीगोलावर बोट फिरवून केला, ऊन डावीकडून येणार होतं. ती म्हणाली, "मग उजवीच बरी. सावलीची हाय." एजंटलाही ते पटलं. इतक्या एकमताने झालेली चूक मी आमच्या स्टाफरूमबाहेर पाहिलेली नाही. तीन जाणती माणसं आणि एक पृथ्वीगोल टेबलाभोवती असताना आम्ही चुकीची बाजू पक्की करून बाहेर पडलो.

दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलो. जाड रोटी, काळी डाळ आणि वर मायेने वाढलेला कांदा. आमच्याकडे पंगतीत वाढपी नको म्हटलं तरी वाढतो. इथे नको म्हटलं की थांबतात, म्हणून मी एक रोटी कमी जेवलो. निघताना सुमन बराच वेळ हात जोडून उभी होती. काय मागितलंस असं विचारल्यावर म्हणाली, "ढग नको म्हटलं."

हैदराबाद

विमानतळावर आमचं सामान यंत्रातून गेलं आणि सुमनची पिशवी बाजूला काढली. पिशवीत धपाटे, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तपासणाऱ्या बाईने चटणीचा डबा उघडून हुंगला, पुन्हा हुंगला, दुसरीला बोलावून हुंगवला आणि झाकण लावून परत दिला. चटणीला काही झालं नाही. खाली एक ओला रुमाल निघाला आणि त्यात शेवंतीची फुलं.

"ही कशाला?" मी विचारलं.

"गाव आलं की टाकीन."

"कुठून टाकशील?"

"खिडकीतून."

विमानाची खिडकी उघडत नाही हे मी तिला सांगितलं नव्हतं. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, हे मी पोरांना शिकवलं होतं. घरी त्याची गरज पडेल असं वाटलं नव्हतं. तिथल्या तिथे उभं राहून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फुलं परत रुमालात बांधली. "असू द्या," म्हणाली.

वर

सुमन खिडकीपाशी, तिच्याशेजारी मी. विमान धावलं आणि सुटलं. सुमनने माझा हात धरला नाही, समोरच्या खुर्चीची पाठ धरली. तिचा विश्वास वस्तूंवर जास्त आहे. खाली हैदराबादचे मोठमोठे गोल दगड दिसत होते. काही वेळाने दगड संपले आणि काळी माती सुरू झाली. रब्बीची रानं निघाली होती, नांगरट झाली होती आणि सगळा मुलूख नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा काळाभोर आणि स्वच्छ पडला होता. ढग नव्हते. नांदेडचं मागणं पोचलं होतं.

तेवढ्यात उजवीकडे मोठं पाणी लागलं. मी खूश होऊन म्हणालो, "हे सिंगूरचं धरण. मांजरेचं पाणी. आपल्याकडूनच येतं."

"आपली मांजरा?" ती वाकून बघू लागली.

"आपलीच." आणि तोंडातून शब्द निघता निघता मला आठवलं, की नकाशावर सिंगूर आमच्या दोऱ्याच्या वर आहे. वर म्हणजे उत्तर. आणि मी ते उजव्या खिडकीतून बघत होतो. म्हणजे उजवीकडे उत्तर होती. गाव दक्षिणेला होतं.

ही चूक कशी झाली ते सांगतो, कारण ती सगळ्यांना परवडणारी नाही. भूगोलाचा मास्तर नकाशाला पाठ करून, पोरांकडे तोंड करून उभा राहतो. छडी मागे धरून न बघता सांगतो, ही गोदावरी, हा अरबी समुद्र. त्याच्यासाठी पश्चिम उजव्या हाताला असते. जन्मभर तो जग पाठीमागून बघत असतो आणि त्याचं डावं-उजवं नकाशाच्या उलट असतं. ग्रीनलंड मी दोऱ्यावर बोट फिरवून ठरवलं, म्हणून बरोबर आलं. गाव मी डोळे मिटून ठरवलं.

"काय झालं?" सुमनने विचारलं. माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं.

"गाव त्या बाजूला आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी भूगोलाचे न्हवं?" एवढंच म्हणाली. मला फार लाज वाटली. त्याहून जास्त, भीती वाटली. बाईने इतक्या वर्षांत एक गोष्ट मागितली होती आणि ती आता विमानाच्या दुसऱ्या बाजूने निघून जाणार होती.

सुमनने पट्टा सोडला. डोक्यावरचा पट्ट्याचा दिवा अजून लागलेला होता. हवाई सुंदरीने लांबून हाताने बसा बसा केलं. सुमनने, एसटीत कंडक्टरला करतात तसा, आलेच असा हात केला, रुमाल उचलला आणि माझ्या गुडघ्यांवरून पलीकडे गेली. मी मागे धावलो. मधल्या खुर्च्यांना वळसा घालून डाव्या बाजूला आलो तर त्या बाजूच्या झाडून सगळ्या खिडक्यांची झापडं खाली ओढलेली. ऊन येत होतं ना. अख्खं विमान आपल्याकडच्या माणसांनी भरलेलं होतं. सगळे सावली करून झोपले होते.

मागच्या एका रांगेत खिडकीशी एक म्हातारे सरदारजी एकटेच होते, शेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या. पांढरी दाढी, निळी पगडी, डोळे मिटलेले. मी घाईघाईत हिंदीत सुरुवात केली, भाईसाब, जरा तकलीफ. त्यांनी एक डोळा उघडला. "मराठीत बोला की. मी नांदेडचाच हाय. काय पाहिजे?"

सुमन पुढे झाली. "दादा, जरा खिडकी उघडता का? माझं माहेर येऊन राहिलंय."

सरदारजींनी दुसराही डोळा उघडला. तिच्याकडे पाहिलं, हातातल्या रुमालाकडे पाहिलं. मग काही न विचारता पट्टा सोडून, गुडघ्यांवर हात टेकत पूर्ण उठले आणि कडेच्या जागेवर सरकले. "बसा ताई. तुमचं माहेर ते, मी काय करू खिडकी?"

तेवढ्यात हवाई सुंदरी येऊन पोचली. सरदारजींनी तिला काहीतरी सांगितलं. कुठल्या भाषेत ते मला कळलं नाही, पण ती गेली. सुमनने झापड वर ढकललं आणि तिच्या मांडीवर ऊन पडलं. मागून कुणीतरी कुरकुरलं. तिचं लक्ष नव्हतं.

मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. खाली तेरणा होती, उन्हाने आटलेली, मध्येच चकाकणारी. पुढे धरणाचं पाणी. काळ्या रानात एका ठिकाणी रांगोळीचे ठिपके मांडावेत तशी सरळ रांगांतली घरं दिसली. नवं गाव. आणि त्यापासून थोडं दूर, नदीकडे, एक पांढरा डाग.

"हेच का?" मी विचारलं.

"थांबा." ती काचेला कपाळ लावून बघत होती. "ओ, लई हायत."

खरंच होतं. तसे ठिपके पुढे पुन्हा होते, आणि त्यांच्याजवळ तसाच पांढरा डाग. त्याच्या पुढे आणखी एक जोडी. त्याच्याही पुढे. जमिनीवरून जाताना एका वेळी एकच गाव लागतं. बाकीची झाडांआड असतात आणि माणूस एकाच गावाचं दुःख करून पुढे जातो. वरून सगळी एकदम दिसत होती. मी भूकंप मुलांना शिकवला आहे, लहरी, केंद्र, तीव्रता. हे मी कधी पाहिलं नव्हतं.

"आमच्या नदीला कोपर हाय," सुमन स्वतःशीच बोलत होती. "कोपराच्या आतल्या अंगाला गाव. मागं माळ." आणि मग एकदम, "ते! ते बघा."

मी बघितलं. नदीचं वळण, त्याच्या कुशीत पांढर. घर नव्हतं, भिंत नव्हती, बाभळीचे काही काळे ठिपके होते. सुमनच्या डोळ्यांतला मोतीबिंदू नुकताच काढला होता. माझा काढायचा आहे. त्यामुळे पुढचं तिने आधी पाहिलं.

"वाट दिसतीय," ती म्हणाली.

नव्या गावापासून एक बारीक फिकट रेघ काळ्या रानातून निघून पांढरीकडे आली होती. नवं गाव लांब नेऊन बसवलं तरी शेतं होती तिथेच राहिली, त्यामुळे लोकांना रोज या बाजूला यावंच लागतं. पांढरीच्या पलीकडे नदीकाठची रानं होती आणि रेघ तिथे जात होती. पण सरळ जात नव्हती. पांढरीच्या कडेला आली की ती वळत होती, बाहेरून पूर्ण वळसा घालून पलीकडे निघत होती आणि मग पुन्हा सरळ होत होती. माणसं आणि जनावरं जवळचाच रस्ता धरतात आणि त्यातून पाऊलवाट पडते, असं मी शिकवत आलो. मधून गेलं तर अंतर निम्मं झालं असतं. इतक्या वर्षांत मधून कुणीही गेलेलं नव्हतं.

"वळसा घातलाय," सुमन म्हणाली. तिचा आवाज फुटला. "ओ, कुणीच पाय देत न्हाई. सगळेच वळसा घालतेत."

ती रडू लागली. त्या दिवशी शिवेवर ती रडली नव्हती, नंतरही माझ्यासमोर नाही. आता मोठ्याने रडली. तिने रुमाल सोडला, फुलं खिडकीच्या खालच्या अरुंद कडेवर ठेवली आणि काचेला हात जोडले. फुलांतली दोन खाली पडली, ती मी उचलून परत ठेवली. तोवर गाव मागे मागे जात दिसेनासं झालं. सगळं मिळून, हात केलेल्या माणसासाठी एसटी थांबते, तेवढाच वेळ लागला असेल.

सरदारजी समोर बघत बसले होते. काही वेळाने म्हणाले, "दिसलं का ताई माहेर?"

"दिसलं दादा."

त्यांनी खिडकीच्या दिशेने हात जोडले, डोळे मिटले, उघडले. मग मला विचारलं, "सर, मघापासून शेंगदाण्याच्या चटणीचा वास येऊन राहिला. तुमच्याकडून का?"

आम्ही तिघांनी तिथेच बसून धपाटे खाल्ले. सरदारजींचं नांदेडला मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि ते कॅनडात लेकाकडे चालले होते. त्यांना लेकाकडे करमत नाही, कारण तिथे चटणी मिळते पण तिच्याबरोबर बोलायला माणूस मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं. आम्ही आमच्या जागेवर परत गेलो तेव्हा फुलं त्यांच्याच खिडकीत होती. त्यांनी झापड ओढलं नाही.

ग्रीनलंड, शिकागो

दुसऱ्या विमानात उजवी खिडकी माझी होती. जेवणं झाल्यावर हवाई सुंदरींनी फिरून सगळ्यांना झापडं खाली घ्यायला लावली. बाहेर लख्ख दिवस असताना आत अंधार केला आणि लोक सिनेमे बघू लागले. निळे कागद लावलेला हॉल मला विमानातही भेटला. मी शेवटच्या बाकावरच्या पोरासारखं झापड चार बोटं वर केलं आणि वाकून बघत राहिलो. बराच वेळ नुसता समुद्र. मग डोंगर, आणि डोंगरांच्या मागे बर्फ, शेवट नसलेलं. मी मुलांना लिहून दिलेलं वाक्य अपुरं होतं. ते बेट मोठं आहे यापेक्षा, ते इतकं गप्प आहे हे सांगायला हवं होतं.

मी सुमनला उठवलं. तिने वाकून पाहिलं.

"कुणी ऱ्हातंय का इथं?"

"आत कुणी नाही."

"कधी ऱ्हात हुतं का?"

"नाही."

"मग ठीक हाय," म्हणाली आणि परत झोपली. मी मात्र बर्फावर कुठे वाट दिसते का ते बघत होतो. नव्हती.

मीनलच्या घराला पुष्कळ खिडक्या आहेत आणि सगळ्यांवर पडदे आहेत. शेजाऱ्यांच्याही घरांचं तसंच. आमच्याकडे शेजारच्या घरात भाजी कुठली झाली हे सांगावं लागत नाही. तिथे शेजारी आहेत हे त्यांच्या कुत्र्यावरून कळतं. मीनल हैदराबादच्या वाटेने कितीदा तरी गेली-आली आहे. मी विचारलं, गाव बघितलंस का कधी? ती म्हणाली, "मी कडेची सीट घेते बाबा. झोपते." भूकंप झाला तेव्हा ती लहान होती. आईने तिला वाटेचं सांगितलं तेव्हा ती भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला आणि सगळं परत सांगायला लावलं.

तीन महिने राहिलो. तळी पाहिली, उंच इमारती पाहिल्या, मका खाल्ला. सुमन सगळीकडे आली, सगळं बघितलं, सगळ्याला छान म्हणाली. एकदा जेवताना मध्येच तिने मला विचारलं, "तो वळसा गावच्या कोणत्या अंगानं सुरू होतोय, ध्यानात हाय का?" मी टेबलावर बोटाने दाखवलं. तिने माझं बोट धरून दुसऱ्या बाजूला सरकवलं.

परत

येताना आकाशात अंधार होता, त्यामुळे खिडकीचा प्रश्न आला नाही. दत्ता गाडी घेऊन हैदराबादला आला होता. मृग लागायचा होता, रस्ता तापलेला, उमरग्याला ढाब्यावर चहा घेतला. तीन महिने चहा म्हणून जे प्यायलो त्याबद्दल इथे लिहीत नाही. दत्ता गाडीत बसता बसता म्हणाला, "आता सरळ लातूर?"

"गावाकडं घे," सुमन म्हणाली.

दत्ताला वाटलं, घरी. त्याने फोन करून बायकोला स्वयंपाक सांगितला. नव्या गावात गाडी त्याच्या दाराशी थांबली, भावजय पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सुमनने पाय धुतले, पाणी प्याली, चहा आल्यावर घेईन म्हणाली आणि घरांच्या रांगेतून सरळ चालू लागली. रांग संपली, तरी थांबली नाही.

"ताई, कुठं?" दत्ता मागून म्हणाला.

"तिकडं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो तिच्या बरोबरीने निघाला आणि मी त्यांच्या मागे. गाडीवाटच होती ती, बैलांच्या पावलांनी आणि चाकांनी दोन्हीकडे खोल झालेली. वरून रेघ दिसली होती, खाली चांगली रुंद होती. लांबून बाभळी दिसल्या, मग दगडांचे ढीग, मग काळ्या मातीत पांढरी माती मिसळायला लागली.

वाट जिथे वळते तिथे सुमन थांबली. तिथे कुंपण नव्हतं, पाटी नव्हती, दगडसुद्धा लावलेला नव्हता. चाकोऱ्या सरळ येऊन आपल्या आपण उजवीकडे वळल्या होत्या. वळणाच्या आतल्या बाजूला गवत वाढलं होतं आणि त्यावर कशाचाही ठसा नव्हता.

ती किती तरी वेळ त्या गवताकडे बघत होती. मग म्हणाली, "तुमी समदे वळसा घालून जाता. कधी बोलला न्हाईस."

दत्ता गोंधळला. त्याला प्रश्नच कळला नाही.

"त्यात काय बोलायचं, ताई?" तो म्हणाला. "माणसं हायत की तिथं."

आणि तो रोजच्यासारखा वळशाला लागला. सुमन त्याच्यामागे निघाली, तिच्यामागे मी.